शुक्रवारची क्रुसाची वाट: ३८ घरांची आळी, आलो नऊ जण

बावखल | रविवार, ९ मार्च २०२५

नमस्कार मंडळी. मन मोकळं करायला आणि सल्ला मागायला हा धागा काढतेय.

आम्ही वसईच्या पश्चिम पट्ट्यातले. परवा शुक्रवारी, ७ तारखेला, यंदाच्या उपवासकाळातली, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांतली, पहिली क्रुसाची वाट आमच्या आळीत झाली. येशूच्या अखेरच्या वाटेवरची चौदा स्थानं आठवत, प्रत्येक स्थानी थांबून करायची ही प्रार्थना. आळीत ३८ घरं, सगळी ख्रिस्ती. आलो आम्ही नऊ जण: साठी ओलांडलेल्या सहा बायका, दोन लहान मुलं आणि मी. यंदा आळीच्या प्रार्थनेची जबाबदारी माझ्याकडे आहे. पंधरा मिनिटं वाट पाहून साडेसातला सुरुवात केली.

दोनच दिवस आधी, उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी, चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पहाटेच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, लोक पायऱ्यांवर उभे होते. कपाळावर राखेचा क्रूस घेऊन तसेच लोकल पकडायला धावले. म्हणजे श्रद्धा आटली असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मग शुक्रवारी ही माणसं जातात कुठे?

आमच्या आळीचा क्रूस माझ्या सासऱ्यांनी केलेला आहे. परड्यातला फणस वादळात पडला, त्याच्या लाकडाचा. तीन फुटांचा असेल. आडव्या दांड्याच्या खाली, जिथे दोन्ही हातांनी धरतात, तिथलं लाकूड इतकं गुळगुळीत झालंय की त्यावरच्या रेषाही दिसत नाहीत. इतक्या वर्षांत तो किती हातांनी धरला असेल! परवा चौदा स्थानांत तो धरायला आम्ही आळीपाळीने तिघीच होतो. बाकीच्यांचे गुडघे दुखतात, त्यांना मी खुर्चीवर बसवलं.

घरी येऊन जेवले नाही. उपवास होता म्हणून नव्हे, घास उतरेना.

तुमच्याकडे कसं चालतं? काय केलं तर माणसं येतील? मनापासून विचारतेय.

सुकेळी | ९ मार्च

ताई, आगाशीकडून नमस्कार. एकच विचारतो. साडेसातची वेळ कोणी ठरवली?

बावखल | ९ मार्च

पहिल्यापासून हीच आहे. मी लग्न होऊन आले तेव्हाही साडेसातच होती.

सुकेळी | ९ मार्च

मला तिथेच गोम वाटते. ही वेळ ठरली तेव्हा आळीतली माणसं वाडीत राबायची. केळी, पानवेल, भाजी, दूध. पहाटे माल दादरला गेला की दिवसभर बाग, आणि दिवेलागणीला सगळे घरी. साडेसातला अंगणात क्रूस ठेवला की आळी आपोआप गोळा व्हायची. आज तुमच्या ३८ घरांतून रोज किती जण लोकलने जातात ते मोजा. अंधेरीहून सहाला सुटलेला माणूस वसई रोडला उतरून, रिक्षाच्या रांगेत उभा राहून साडेसातला तुमच्या क्रुसापाशी कसा पोचणार? चर्चगेटहून निघणाऱ्याचं तर बोलायलाच नको.

रात्रपाळी | ९ मार्च

सुकेळीदादांशी शंभर टक्के सहमत. मी मुंबईत नर्स आहे. नाइट असली की साडेसहाला घर सोडते. लग्नानंतर क्रुसाच्या वाटेला मी उभी राहिले ती फक्त गुड फ्रायडेला. शुक्रवारी महिला डब्यात आम्ही चौघी विरारच्या दिशेने नाही, उलट्या बाजूने जातो, त्यामुळे बसायला मिळतं. मोबाइलवर चौदा स्थानं उघडून हळू आवाजात म्हणतो. मीरा रोडला चौथं असतं, बोरिवलीला आठवं. गेल्या वर्षी समोर बसणाऱ्या एका गुजराती काकूंनी विचारलं काय वाचता, मी सांगितलं. तेव्हापासून त्या आमचं संपेपर्यंत फोन घेत नाहीत.

अजून एक सांगते. माझी आई तीन वर्षं अंथरुणाला खिळून आहे. आळीतली प्रार्थना सुरू झाली की लाउडस्पीकरचा आवाज तिला तुटक तुटक ऐकू येतो, आणि ती पलंगावर पडल्या पडल्या मिळेल त्या शब्दाला उत्तर देते. प्रार्थनेला आलेली माणसं मोजताना तिला कोणी मोजत नाही.

बावखल | १० मार्च

तुमचं शेवटचं वाक्य वाचून फोन खाली ठेवला. आमच्या आळीतही अशा तिघी आहेत.

अनुजा_सदाशिव | १० मार्च

मी हिंदू आहे, पुण्यात राहते. धागा आवडला म्हणून विचारते, राग मानू नका. आमच्याकडे एकादशीला साबुदाणा, वऱ्याचे तांदूळ. माझी वसईची मैत्रीण सांगते की उपवासकाळात शुक्रवारी त्यांना मटण चालत नाही पण मासे चालतात. मग उपवास म्हणजे नेमकं काय?

वेदीसेवक | १० मार्च

राग कसला, ताई! मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि लहान मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेतो, तिथे हा प्रश्न दर वर्षी येतो.

दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक उपवास, दुसरी मांसवर्ज्य. उपवास म्हणजे दिवसातून एकदाच पोटभर जेवण, बाकी दोन वेळा अगदी थोडं. चर्चच्या नियमाने तो दोनच दिवस सक्तीचा: राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. १८ वर्षं पूर्ण झाल्यापासून ५९ पूर्ण होईपर्यंतच्या लोकांना. आजारी माणसं, गरोदर बायका यांना सूट. मांसवर्ज्य १४ वर्षांवरच्या सगळ्यांना. मांस म्हणजे जमिनीवरच्या प्राण्यांचं आणि पक्ष्यांचं. जुन्या काळी ते सणावाराचं, श्रीमंतीचं जेवण होतं, ते सोडायचं. मासळी त्यात धरलेली नाही.

पण आमच्या घरी आजी शुक्रवारी मासळीही करत नाही. तिचं म्हणणं, ‘वसईच्या माणसाने पापलेट खाऊन मटण सोडलं तर सोडलं काय?’ गुड फ्रायडेला आमच्याकडे पेज आणि आंब्याचं लोणचं, बस.

आणि दिवस चाळीस. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजले तर ४६ भरतात, त्यातले सहा रविवार वगळायचे. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, तो उपवासात धरत नाहीत.

अनुजा_सदाशिव | १० मार्च

किती नीट सांगितलंस. आजींना नमस्कार सांग. राख कसली असते?

वेदीसेवक | १० मार्च

गेल्या वर्षीच्या झावळ्यांची! ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या लोक घरी नेतात. कोणी कोवळ्या पातीचा छोटा क्रूस वळून देवाच्या तसबिरीमागे खोचतात. वर्षभर तिथेच सुकतात. उपवासकाळाच्या आधी त्या परत चर्चमध्ये आणायच्या. यंदा जाळायचं काम आम्हा तिघांकडे होतं. मोठ्या घमेल्यात पेटवल्या. आधी पिवळा धूर, डोळे चुरचुरले, मग पाती काळ्या दोऱ्यासारख्या आक्रसल्या. थंड झाल्यावर हाताने कुस्करून दोनदा मलमलीतून गाळली. दोन गोण्या झावळ्यांची जेमतेम एक वाटी राख निघाली. माझ्या नखांत ती दोन दिवस होती. बुधवारी फादरांनी तीच राख माझ्या कपाळाला लावली आणि म्हणाले, ‘तू माती आहेस आणि मातीला मिळशील.’ त्या झावळ्यांत आमच्या घरचीही एक होती, जी गेल्या वर्षी आजोबांनी मिरवणुकीत धरली होती. ते ऑगस्टमध्ये गेले.

निवृत्त_मास्तर | ११ मार्च

बाळ वेदीसेवक, तुझ्या आजोबांना चिरशांती लाभो.

माझा जन्म १९४९चा. लहानपणी वेदीवर लॅटिनमध्ये उत्तरं दिली आहेत, अर्थ न कळता पाठ केलेली. कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेचा दस्तऐवज काढला आणि नंतर आपल्या कानांवर मराठी मिस्सा पडली. उपवासाचे नियमही तोवर फार कडक होते. सहावे पोप पॉल यांनी १९६६ साली ते आजच्यासारखे सुटसुटीत केले. आमच्या लहानपणी उपवासकाळ आला हे डोळ्यांना कळायचं. शेवटचे दोन आठवडे चर्चमधले सगळे पुतळे जांभळ्या कापडाने झाकलेले, वेदीवर एक फूल नाही. आळीत लग्न नाही, हळद नाही, बँड नाही. मिस्सेत आलेलुया बंद. आम्ही मुलं तर खेळतानाही तो शब्द उच्चारायचो नाही, इतका धाक.

ताई, एक विनंती. वेळ हवी तर बदला, पण चौदा स्थानांची शिस्त मोडू नका. ही संख्या बाराव्या क्लेमेंट पोपनी १७३१ साली पक्की केली. त्याआधी कुठे कमी, कुठे जास्त असायची. येशूचं तीन वेळा पडणं, वेरोनिकाने रुमालाने तोंड पुसणं, हे शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत, नाही. लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या भक्तीने जपलेलं आहे. लोकांनी जपलेली गोष्ट आहे म्हणूनच जपून हाताळा.

आणि आळीतल्या मुलांना संत गोन्सालो गार्सियांबद्दल सांगा. आपल्या वसईत जन्मलेला माणूस. ५ फेब्रुवारी १५९७ला जपानमध्ये नागासाकीच्या टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारलं, त्यांतले ते एक. १८६२ साली संतपद मिळालं. क्रूस म्हणजे दूर यरुशलेमातली गोष्ट असं मुलांना वाटतं. आपल्या मातीतला माणूस त्यावर चढलाय हे कळलं की त्यांची नजर बदलते, हे मी चाळीस वर्षं वर्गात पाहिलंय.

मडगांवकार | ११ मार्च

गोव्याहून देव बरें करूं. आमच्याकडे उपवासकाळाला करेज्म म्हणतात, आणि त्याआधी इंत्रुज, म्हणजे कार्निव्हल. आमच्या जुन्या चर्चमध्ये अजून करेज्मात मोतेत गातात, लॅटिन शब्द, चार सुरांत, व्हायोलिन आणि क्लॅरिनेटसह. आजोबा गायचे, बाबा गायचे, मी गातो. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी, ग्लोरिया हे स्तुतिगीत झाल्यावर घंटा मुकी होते, ती शनिवारी रात्रीपर्यंत. मधल्या वेळेत लाकडी मात्राक वाजवतात, खडखडखडखड. तो आवाज ऐकला की अंगावर काटा येतो. झावळ्यांच्या रविवाराआधीच्या सोमवारी गोवा वेल्हा गावात संतांच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, ती आयुष्यात एकदा तरी बघा.

पण बाय, गर्दी आमच्याकडेही मोठ्या दिवसांनाच. वाड्यावरच्या साध्या शुक्रवारी आम्हीही दहा-बारा जणच असतो. तुम्ही एकट्या नाहीत.

गोदाकाठ | १२ मार्च

मी श्रीरामपूर तालुक्यातला. आमच्या मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, हरेगावला सप्टेंबरात लाखो माणूस येतं, पण आमच्या गावात ख्रिस्ती घरं मोजून २१, तीही तीन वस्त्यांवर पांगलेली. फादरांकडे बरीच गावं, ते पंधरवड्यातून एकदा येतात. बाकी सगळं आमचं आम्ही.

इथे मार्च म्हणजे कांदा काढणी. बाया सकाळी सातला वावरात, संध्याकाळी कंबर मोडून घरी. त्यांना म्हणायचं काय, की या देवळात? लाज वाटते. म्हणून माझ्या वडिलांनी रीत पाडली: क्रूसच वस्तीवर न्यायचा. शुक्रवारी रात्री साडेनऊला टाळ, मृदंग, एक बॅटरी आणि क्रूस घेऊन निघायचं. पहिलं स्थान पहिल्या दारात, दुसरं दुसऱ्या दारात. घरधनीण भाकरी टाकत असली तर तवा उतरवून तशीच उंबऱ्यावर येते, हाताला पीठ असतं. तिचं स्थान झालं की ती क्रूस उचलून पुढच्या दारापर्यंत नेते. शेवटच्या दारात पोचेपर्यंत मागे तीस-चाळीस माणूस होतं. अभंगाच्या चालीवर गातो. आम्हाला दुसरी चाल येत नाही आणि नकोही.

ताई, तुमच्याकडे आळी आहे, घरं एकमेकांना लागून. तुम्हाला तर सोपं. माणसं येत नाहीत ना, मग तुम्हीच जा.

बावखल | १२ मार्च

दादा, ‘हाताला पीठ असतं’ हे मी दिवसभर मनात घोळवतेय. पाचवं स्थान आठवलं. शिमोन कुरेनेकर शेतातून घरी चालला होता, त्याला मध्येच धरून क्रूस उचलायला लावला. तो काही प्रार्थनेला आला नव्हता.

जुना_कॉयर | १२ मार्च

मी वेगळं बोलतो. घरोघरी फिरायचं म्हटलं की काय होतं ते आमच्या बाजूला पाहिलंय. पहिल्या शुक्रवारी एका घराने चहा ठेवला, दुसऱ्या शुक्रवारी शेजारच्याने वडे, पाचव्या शुक्रवारी पुलाव. उपवासकाळातल्या शुक्रवारी! वर मोबाइलवर शूटिंग, स्टेटसला फोटो. राखेच्या बुधवारी बायबलमधल्या मत्तयचा सहावा अध्याय वाचतात तो याचसाठी: उपवास कराल तेव्हा तोंड धुवा, लोकांना दिसू देऊ नका. क्रुसापाशी नऊ माणसं मनापासून उभी राहिली तर ती मला चारशेंच्या मिरवणुकीपेक्षा मोलाची वाटतात.

बावखल | १३ मार्च

दादा, तुमचं म्हणणं मी डोक्यावर घेते. चहासुद्धा नाही, हे पहिल्याच दिवशी सांगणार. फोन खिशात. पण नऊ माणसांवर समाधान मानायला मन तयार नाही. मला मोठा आकडा नकोय. त्या सहा जणी माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘आमच्यानंतर कोण?’ त्याचं उत्तर हवंय.

उद्या दुसरा शुक्रवार. वेळ रात्री सव्वानऊ केली. आळीच्या ग्रुपवर टाकलं, आणि ग्रुपवर टाकून कोणी येत नाही म्हणून आज संध्याकाळी ३८ दारं चढून आले. बारा घरांनी ‘आमच्या दारात या’ म्हटलं.

सुकेळी | १३ मार्च

उद्या धुळवड आहे, माहीत आहे ना?

बावखल | १५ मार्च

काल अकरा जण.

धुळवडीची सुट्टी, अर्धी आळी नातेवाइकांकडे, तरुण मुलं दिवसभर मित्रांबरोबर रंगात आणि रात्री गाढ झोपेत. बारांपैकी दोन दारं बंदच होती. तिथे आम्ही बंद दारासमोर उभं राहून स्थान केलं. तेही बरंच वाटलं, का ते सांगता येत नाही. चालण्याचा अंदाज चुकला, दीड तास लागला. सहा म्हाताऱ्यांपैकी दोघी मधूनच घरी गेल्या. माझ्या नवऱ्याने शेवटची चार स्थानं क्रूस धरला. लग्नाला २२ वर्षं झाली, त्यांना क्रूस धरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

निवृत्त_मास्तर | १५ मार्च

चिंतन छोटं करा. एक उतारा, एक वाक्य, एक आमच्या बापा, एक नमो मरिया. बाकी चालण्यात होऊ द्या.

दुबईचा_वाडवळ | १७ मार्च

धागा इथे बसून वाचतोय. यंदा रमजान आणि आपला उपवासकाळ एकाच आठवड्यात लागले. माझ्या खोलीत आम्ही चौघं, दोघं केरळचे मुस्लिम. ते पहाटे चारला उठतात, मी त्यांच्याबरोबर उठून जपमाळ म्हणतो. संध्याकाळी ते रोजा सोडतात तेव्हा माझ्यापुढे खजूर ठेवतात. शुक्रवारी मात्र त्यातला एक मला आठवण करून देतो, ‘आज तुझं चिकन बंद.’ इथल्या सेंट मेरीज चर्चमध्ये शुक्रवारी क्रुसाच्या वाटेला इतकी गर्दी की अंगणात उभं राहावं लागतं. सगळे घरापासून लांब असलेले. त्या गर्दीत उभं राहून मला आमच्या आळीचा क्रूस आठवतो. तिथे मी कधी वेळेवर गेलो नाही, आई हाका मारायची.

ताई, आमच्या घरासारखं एखादं घर तुमच्या आळीत असेलच, मुलगा परदेशात आणि आईवडील एकटे. तिथे एक स्थान ठेवा.

बावखल | २२ मार्च

तिसरा शुक्रवार: २३ जण. दादा, तुमचं ऐकलं. दोन घरं अशी होती. एका घरात मुलाला व्हिडिओ कॉल लावून आईने फोन कठड्यावर ठेवला होता. मी फोन खिशात म्हटलं होतं, पण तो बंद करायला सांगवेना. जुना_कॉयर दादा, माफ करा.

जुना_कॉयर | २२ मार्च

त्याची माफी कशाला? त्या माउलीचा फोन म्हणजे तिचा मुलगाच उंबऱ्यावर उभा होता.

वेदीसेवक | ३० मार्च

आज उपवासकाळातला चौथा रविवार. फादर जांभळ्याऐवजी गुलाबी झग्यात, वेदीवर फुलं. अर्धी वाट सरली, थोडा आनंद करा, असा हा रविवार. यंदा तो नेमका गुढीपाडव्याला आला. मिस्सेहून येताना शेजारच्या जाधव काकूंनी कडुलिंब-गुळाचा प्रसाद दिला. आणि पोप फ्रान्सिस इस्पितळातून घरी आले, म्हणून आज विश्वासूंच्या प्रार्थनेत पहिल्यांदा आभार मानले. पाच आठवडे रोज त्यांच्यासाठी मागत होतो.

बावखल | ५ एप्रिल

पाचवा शुक्रवार. माणसं मोजली नाहीत. मोजायचं लक्षातच आलं नाही.

मुलांनी स्वतःहून एक गोष्ट सुरू केली. शुक्रवारी मटण-कोंबडी आणली नाही त्याचे पैसे घरोघरी एका डब्यात टाकायचे. यशयाच्या ५८व्या अध्यायात देव म्हणतो ना, मला हवा तो उपवास म्हणजे भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं. तेच वाचून दाखवलं होतं. ३१ घरांनी डबे घेतले. ईस्टरला सगळे एकत्र उघडून कॅरिटास या चर्चच्या मदतसंस्थेच्या उपवासकाळ निधीत द्यायचे.

आणि बारावं स्थान. येशू क्रुसावर मरण पावतो. ते मी आळीच्या टोकाला राहणाऱ्या बायमावशीकडे ठेवलं. वय ८८, चार वर्षं पलंगावर. आम्ही आत मावत नव्हतो, म्हणून खिडकीबाहेर, परसात, केळीच्या खोडांमध्ये उभे राहिलो. तिच्या सुनेने क्रूस पलंगाच्या कडेला टेकवला. मावशीला अलीकडे माणसं ओळखता येत नाहीत. पण मी ‘हे ख्रिस्ता, आम्ही तुझी आराधना करतो’ म्हटलं आणि पुढचं वाक्य तिने एकटीने, स्पष्ट, पूर्ण म्हटलं: ‘कारण तू आपल्या पवित्र क्रुसाने जगाचं तारण केलं आहे.’ मग हात पुढे केला आणि बरोबर त्या गुळगुळीत जागी क्रूस धरला. सोडेना. तेरावं आणि चौदावं स्थान आम्ही तिथेच केलं.

रात्रपाळी | ५ एप्रिल

ड्यूटीवर वाचतेय. रडले. पुढच्या वर्षी आमच्या आळीत हे मी करणार, रजा टाकून.

गोदाकाठ | ६ एप्रिल

ताई, माझे वडील असते तर त्यांना वाचून दाखवलं असतं.

बावखल | १८ एप्रिल, रात्री

गुड फ्रायडे. दुपारी तीनची उपासना करून आले. आज मिस्सा नाही, वेदी उघडी, घंटा नाही. क्रुसाचं चुंबन घ्यायची रांग दीड तास चालली.

पण मला कालचं सांगायचंय. काल पवित्र गुरुवारी, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याच्या आठवणीत, फादरांनी बारा जणांचे पाय धुतले, त्यांत पाच बायका होत्या. आमच्या सहा जणींपैकी एकीचं नाव मी सुचवलं होतं. ती तयार नव्हती. ‘माझे पाय कोणाला दाखवण्यासारखे नाहीत,’ म्हणाली. जन्मभर अनवाणी वाडीत पाणी धरलं, टाचांना बोट जाईल अशा भेगा आणि त्यांत माती, जी आता धुतल्याने जात नाही. फादर गुडघ्यावर बसले, तिचा पाय परातीवर धरला, पाणी घातलं, भेगांतून अंगठा फिरवत सावकाश पुसला आणि वाकून चुंबन घेतलं. ती दोन्ही हातांनी पदर तोंडावर धरून बसली होती.

निवृत्त_मास्तर | १८ एप्रिल

२०१६ सालापर्यंत हे विधीत फक्त पुरुषांसाठी लिहिलेलं होतं. पोप फ्रान्सिस यांनी त्या वर्षी जानेवारीत ते बदललं. माझी आई अशाच पायांनी गेली. तिचे कोणी धुतले नाहीत.

बावखल | २२ एप्रिल

ख्रिस्त उठला आहे! उशिरा लिहितेय.

शनिवारी रात्री चर्चबाहेर अंधारात नवा अग्नी पेटवला, पुनरुत्थानाच्या मेणबत्तीवर २०२५चे चार आकडे कोरले, आणि एका ज्योतीवरून शेकडो मेणबत्त्या लागत गेल्या. ग्लोरियाला घंटा वाजल्या. सहा आठवड्यांनी आलेलुया म्हणताना गळा भरून आला. रविवारी दुपारी आळीच्या क्रुसापाशी डबे उघडले. ११,४६० रुपये निघाले, त्यांत एका डब्यात नुसती एक-दोन रुपयांची नाणी, ते चौथीतल्या मुलाचे खाऊचे पैसे.

आणि काल, ईस्टर सोमवारी दुपारी, पोप फ्रान्सिस गेल्याची बातमी आली. आदल्या दिवशी ते सज्जात आले होते, टीव्हीवर पाहिलं होतं. चर्चची घंटा वाजायला लागली तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. कोणी कोणाला बोलावलं नाही. संध्याकाळी आळीतली माणसं एकेक करून क्रुसापाशी आली, जपमाळ म्हटली. कामावरून उतरलेले लोक पाठीवरच्या बॅगांसकट थेट तिथेच येऊन उभे राहिले.

फणसाचा क्रूस आता आमच्या घरी नाही. बायमावशीच्या सुनेने मागून नेला. पुढच्या राखेच्या बुधवारपर्यंत तिच्या पलंगापाशी राहील. तिला वाटलं तेव्हा ती त्यावर हात ठेवते.